परदेशच्या नागरिकत्वाची परीक्षा

मुळा धरणाच्या कालव्याने ज्यांच्या शेतात ऊस उभा राहिला आणि त्या उसाच्या पैशावर शिकून ज्यांची मुले पुण्यामुंबईच्या वाटेने पुढे अमेरिकेपर्यंत पोहोचली, अशी कुटुंबे सोनईत आणि शेजारच्या घोडेगाव, चांदा, शिंगणापूर या गावांत आहेत. आणि त्या मुलांनी आपल्या आईवडिलांनाही तेथील कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ग्रीन कार्ड, मिळवून दिल्यानंतर काही वर्षांनी घरात हमखास जो विषय निघतो, तो त्या देशाचे नागरिकत्व घेण्याचा आणि त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा असतो. ज्या माणसाने पाटी-पेन्सिल सोडून पन्नास वर्षे लोटली, त्याच्या मनात ‘परीक्षा’ या शब्दाने उठणारी धास्ती मी जवळून पाहिली आहे, आणि म्हणूनच त्या धास्तीपैकी किती खरी आणि किती निराधार हे सविस्तर सांगण्याचे मनात आणले आहे.

माझी थोरली बहीण वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी या परीक्षेला बसली. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची चाळीस वर्षे चूल, गोठा आणि शेत यांत गेली, आणि मग मुलाच्या ओढीने ती न्यू जर्सीस गेली. एका हिवाळ्यात ती सोनईस आली असताना रोज दुपारी जेवणानंतर ओट्यावर बसून आम्ही दोघांनी तिच्या अर्जाची व प्रश्नांची तयारी केली, आणि त्या दोन महिन्यांत माझे असे ठाम मत झाले की, प्रश्नोत्तरे हा या परीक्षेचा सर्वांत सुलभ भाग होय. अर्जदार खरोखर अडखळतो तो अर्जातील तारखांपाशी, नावांपाशी आणि शपथेवर द्यावयाच्या उत्तरांपाशी. तयारीचा वेळ त्या प्रमाणात वाटून घ्यावा, एवढेच मला मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

प्रथम पात्रतेसंबंधी. अर्जदाराचे वय अठरा वर्षे पूर्ण असावे लागते आणि ग्रीन कार्ड मिळून सामान्यतः पाच वर्षे, अमेरिकी नागरिकाशी विवाह होऊन त्याच्यासह नांदत असल्यास तीन वर्षे, झालेली असावी लागतात. आता, ‘वय झाले की इंग्रजी माफ होते’ अशी एक समजूत आपल्याकडे प्रचलित आहे. ती अर्धी खरी असल्यामुळेच अधिक घातक आहे. इंग्रजीची माफी केवळ वयाने मिळत नाही, वयाबरोबर ग्रीन कार्डाची वर्षेही मोजली जातात : पन्नास वर्षे वय व वीस वर्षांचे वास्तव्य, किंवा पंचावन्न वर्षे वय व पंधरा वर्षांचे वास्तव्य, असा तो हिशेब आहे. जो इसम साठीनंतर मुलाकडे गेला त्याला ही सवलत पंच्याहत्तरीच्या अलीकडे मिळणे नाही. त्यामुळे आपल्या बहुतेक वडीलधाऱ्यांना इंग्रजीची तयारी करावीच लागते. ज्यांना सवलत लागू होते त्यांनी मात्र निःशंक असावे, कारण नागरिकशास्त्राचे प्रश्न त्यांना दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत, म्हणजे खुशाल मराठीत, विचारले जातात. पासष्ट वर्षे वय आणि वीस वर्षांचे वास्तव्य असलेल्यांना तर अवघ्या वीस प्रश्नांची छोटी यादीच तयार करावयाची असते. स्मृतिभ्रंश किंवा तत्सम व्याधीमुळे ज्यांना शिकणेच अशक्य झाले आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरने भरून द्यावयाचा एक स्वतंत्र नमुना आहे. त्याचा क्रमांक एन-६४८.

दुसरी गोष्ट वास्तव्याची, आणि येथे माझ्या बहिणीची जी अडचण झाली ती सांगणे उपयुक्त होईल. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी ती सोनईस आली, मग गव्हाची मळणी, मग पुतणीचे लग्न, असे करता करता सात महिने राहिली. कायद्याने सहा महिन्यांहून अधिक काळ सलग बाहेर राहिल्यास वास्तव्यात खंड पडला असे गृहीत धरले जाते, आणि ते गृहीत खोडून काढण्याचा भार अर्जदारावर येतो. वर्षभर किंवा त्याहून अधिक बाहेर राहिल्यास खंड पडलेलाच असतो. याखेरीज पाच वर्षांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या देशात काढलेले असावे लागतात. बहिणीच्या मुलाने विचारपूर्वक असे ठरविले की पुरावे गोळा करीत वाद घालण्यापेक्षा थांबावे, आणि तिचा अर्ज त्यापायी बराच काळ लांबला. म्हणून ज्यांचा पुढेमागे अर्ज करण्याचा विचार आहे त्यांनी गावाकडची फेरी सहा महिन्यांच्या आत आटोपावी, आणि प्रत्येक जाण्यायेण्याची तारीख एका वहीत त्या त्या दिवशीच टिपून ठेवावी; पासपोर्टवरचे शिक्के पुसट होतात आणि स्मरणशक्ती शिक्क्यांहून लवकर पुसट होते.

आता अर्जासंबंधी, ज्याचा क्रमांक एन-४०० असा आहे. आपल्या भागातील माणसाची ओळख जितक्या दस्तऐवजांत आढळते तितक्या वेगवेगळ्या रूपांत आढळते, ही गोष्ट तलाठ्याच्या दप्तराशी ज्याचा संबंध आला त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शाळेच्या दाखल्यावर जी ‘सुमन’ असते ती मतदारयादीत ‘सुमनबाई’ होते. लग्नाआधी तिच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते, लग्नानंतर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव येते, आणि कित्येक घरांत सासरी मूळ नावही बदललेले असते. पुरुषांच्या नावाला कोठे ‘राव’ जोडलेला, कोठे ‘साहेब’ जोडलेला, कोठे नुसतेच नाव. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. परंतु अर्जात ‘आपण पूर्वी वापरलेली अन्य नावे’ असा रकाना आहे, आणि तेथे ही सारी रूपे प्रामाणिकपणे नमूद करावी लागतात. जन्मतारखेचेही तसेच. आमच्या पिढीतील निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला येतो, याचे कारण शाळेत नाव घालतेवेळी गुरुजींनी ती तारीख टाकली; पासपोर्टावर तीच तारीख आली असेल तर आता सर्वत्र तीच चालवावी, आणि मधेच ‘खरी तारीख’ सांगण्याचा मोह धरू नये. लग्न झाल्याची तारीख आणि लग्नाची नोंद झाल्याची तारीख या दोन्ही निरनिराळ्या असू शकतात, कारण कित्येकांनी नोंदणी पुढे व्हिसाच्या निमित्तानेच केली. अर्जात लग्न झाल्याची तारीख लिहावी आणि नोंदणीचा दाखला सोबत ठेवावा.

याहून नाजूक प्रश्न पोलिसांसंबंधीचा. आपल्याला जगात कोठेही, कोणत्याही कारणाने, कधी अटक झाली होती काय किंवा ताब्यात घेण्यात आले होते काय, असे अर्ज विचारतो. आपला जिल्हा आंदोलनांचा. २०१७ सालच्या १ जूनला शेतकऱ्यांचा जो संप सुरू झाला त्याची ठिणगी आपल्याच जिल्ह्यातील पुणतांब्यास पडली. उसाच्या दरासाठी किंवा दुधाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्यांना पोलिसांनी गाडीत घालून ठाण्यात न्यावे आणि दिवस मावळताना सोडून द्यावे, हा अनुभव येथील अनेक सभ्य गृहस्थांच्या गाठी आहे, आणि ‘ती काय अटक म्हणायची’ असे त्यांना मनापासून वाटते. तरीही ती गोष्ट लपवू नये. असे रस्त्यावर बसणे हे नागरिकत्वाच्या आड बहुधा येत नाही. शपथेवर दिलेले खोटे उत्तर मात्र येते, आणि पुढे कित्येक वर्षांनी उघडकीस आले तर मिळालेले नागरिकत्वही रद्द होऊ शकते. ज्यांच्या आयुष्यात याहून गंभीर असे काही, म्हणजे फौजदारी खटला किंवा शिक्षा, घडलेले असेल, त्यांनी अर्ज पाठविण्यापूर्वी त्या विषयातील वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून पाऊल टाकू नये. तसेच नागरिक होण्यापूर्वी तेथील निवडणुकीत मतदान करणे, किंवा मतदार म्हणून नाव नोंदविणे, हे अत्यंत घातक आहे. कोणी उत्साहाने फॉर्म पुढे केला तरी सही करू नये.

अर्ज गेल्यावर बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते, आणि काही महिन्यांनी मुलाखतीचे बोलावणे येते. परीक्षा म्हणून जिचा बोलबाला आहे ती या मुलाखतीतच होते. शेकडो विद्यार्थ्यांचा वर्ग, घंटा, उत्तरपत्रिका असे काहीही तेथे नसते; एका खोलीत एक अधिकारी आणि आपण. तो उभे राहण्यास सांगून उजवा हात वर करावयास लावतो, सत्य सांगण्याची शपथ देतो आणि मग अर्जातील मजकूर क्रमाने विचारू लागतो. हे विचारणे हीच इंग्रजी बोलण्याची परीक्षा होय. ‘आज कसे आलात’, ‘कोणाकडे राहता’ येथपासून ते ‘आपण कधी कोणाचा छळ केला आहे काय’ येथपर्यंत प्रश्न जातात, आणि येथेच आपल्या लोकांची एक सवय आड येते. थोरामोठ्यांसमोर मान डोलावून ‘होय, होय’ म्हणणे ही आपल्याकडील मर्यादा आहे. परंतु दहशतवादी संघटनेसंबंधीच्या प्रश्नाला न समजता ‘येस’ म्हटले गेले तर पुढचा सारा वेळ ते निस्तरण्यात जातो. समजले नाही तर ‘कृपया पुन्हा सांगा’ हे इंग्रजीत म्हणता येणे सर्वांत आधी शिकावे. तसे म्हणण्याने गुण कमी होत नाहीत. शिवाय अर्जातील अवघड शब्दांचा अर्थ मराठीत पक्का करावा, कारण ‘ओथ म्हणजे काय’, ‘अलीजन्स म्हणजे काय’ असे अधिकारी विचारू शकतो. शपथ आणि निष्ठा हे दोन शब्द मनात असले की तोडक्या इंग्रजीतही त्यांचा आशय सांगता येतो. बहिणीला मी असे शब्द तीन-तीन करून रोज देत असे, आणि ती ते पोळ्या लाटताना म्हणत असे.

वाचन आणि लेखन यांची कसोटी अगदी माफक असते. तीन वाक्यांपैकी एक वाचावयाचे आणि तीनपैकी एक ऐकून लिहावयाचे. ही वाक्ये ज्या शब्दांतून घडतात त्या शब्दांच्या याद्या सरकारनेच जाहीर केल्या असून त्या विनामूल्य मिळतात. त्यात राष्ट्राध्यक्ष, ध्वज, मतदान, कर, राज्यांची आणि महिन्यांची नावे असे मोजके शब्द आहेत. जी मंडळी हेच कागद पैसे घेऊन विकतात त्यांच्याकडे जाण्याची आवश्यकता नाही.

नागरिकशास्त्राच्या प्रश्नांविषयी नियम नुकताच बदलला आहे, तेव्हा जुन्या पुस्तकांवर विसंबू नये. पूर्वी शंभर प्रश्नांची यादी होती, त्यातून दहापर्यंत प्रश्न विचारले जात आणि सहा उत्तरे बरोबर यावी लागत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर ज्यांनी अर्ज केला त्यांच्यासाठी यादी एकशे अठ्ठावीस प्रश्नांची झाली असून वीसपर्यंत प्रश्न विचारले जातात आणि बारा बरोबर यावे लागतात. सारे तोंडी असते. आवश्यक तितकी उत्तरे बरोबर आली की अधिकारी थांबतो. माझ्या बहिणीच्या वेळी जुनाच नियम होता. तिची पहिली सहाही उत्तरे बरोबर आली आणि अधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवला, तेव्हा आपले काही चुकले असे वाटून तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. हे आधी ठाऊक असते तर तिचा तो एक क्षण वाचला असता.

पाठांतराची पद्धत मी तुलनेची ठेवली आणि ती फार फलदायी ठरली. दिल्लीस लोकसभा आणि राज्यसभा, तसे तेथे प्रतिनिधिगृह आणि सिनेट. आपल्या राज्यसभेत लहानमोठ्या राज्यांच्या जागा कमीअधिक, तेथे मात्र प्रत्येक राज्याचे दोनच सिनेटर, म्हणून पन्नास राज्यांचे शंभर. प्रतिनिधिगृहात मतदानाचा अधिकार असलेले सभासद चारशे पस्तीस. आपल्या तिरंग्यात अशोकचक्राचे चोवीस आरे, त्यांच्या ध्वजात पन्नास राज्यांचे पन्नास तारे आणि मूळच्या तेरा वसाहतींचे तेरा पट्टे. आपला स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्टचा, त्यांचा ४ जुलैचा, वर्ष १७७६. राज्यघटनेच्या उद्देशिकेचे पहिले तीन शब्द कोणते या प्रश्नाचे उत्तर ‘आम्ही लोक’ अशा अर्थाचे आहे, आणि आपल्या घटनेची उद्देशिकाही लोकांच्याच नावाने आरंभते हे सांगताच बहिणीने तो प्रश्न पुन्हा कधी चुकविला नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी महात्माजींच्या मार्गापासून प्रेरणा घेतली हे कळल्यावर ते नावही तिला परके राहिले नाही. एक सूचना करावीशी वाटते : त्या यादीत जेथे ‘इंडियन’ जमातींचा उल्लेख येतो तेथे तो त्या भूमीच्या आदिवासींचा असतो, आपला नव्हे. राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल, सिनेटर यांची नावे बदलत असतात. ती मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा पडताळावी.

एखादा भाग चुकला तरी अर्ज तत्काळ फेटाळला जात नाही. साठ ते नव्वद दिवसांच्या आत तेवढ्याच भागाची दुसरी संधी मिळते.

परक्या भाषेत वृद्धपणी उत्तरे द्यावयाची, या विचाराने ज्यांना संकोच वाटतो त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. अमेरिकेतील मिशनरी १८३१ साली अहमदनगरास येऊन स्थायिक झाले. त्यांनी मराठी शिकून मराठीत शाळा चालविल्या आणि १८४२ साली नगराहूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांची मराठी आरंभी किती अडखळत असेल याची कल्पना करावी. आणि याच संदर्भात दुसरीही एक गोष्ट स्मरणात असावी, कारण आज जी परीक्षा कटकटीची वाटते तिच्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकारच एके काळी आपल्या लोकांना नव्हता. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे, आणि म्हणून तो नागरिक होण्यास पात्र नाही. त्यापाठोपाठ, पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचे ते काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. थिंड यांची बाजू मांडणारे लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित, ज्यांचे नावच मराठी कानाला ओळखीचे वाटते, यांच्यावरही तोच प्रसंग आला. परंतु ते स्वतःच्या नागरिकत्वासाठी न्यायालयात लढले आणि १९२६ साली अपील न्यायालयात विजयी झाले. भारतीयांना नागरिकत्वाचे द्वार खुले करणारा कायदा १९४६ साली झाला, तोही वर्षाला शंभर भारतीयांना प्रवेश देण्याइतका संकुचित. त्या काळी ज्ञानाने किंवा सचोटीने भरून निघणारी उणीव नव्हती. आज ज्या गोष्टी विचारल्या जातात त्या निदान शिकता येतात.

इतर देशांत गेलेल्यांच्या घरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये संगणकावर पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न, त्यांपैकी अठरा बरोबर हवेत, आणि इंग्रजीचा पुरावा निराळा. ऑस्ट्रेलियात वीस प्रश्नांपैकी पंधरा, परंतु त्यांतील मूल्यविषयक पाच प्रश्नांची पाचही उत्तरे बरोबर असावीच लागतात. कॅनडात वीसपैकी पंधरा, आणि पंचावन्न वर्षांवरील अर्जदारांना ही परीक्षा नाही. जर्मनीत तेहतीसपैकी सतरा. आपल्या देशात परकीयाला नागरिकत्व देताना अशी प्रश्नपत्रिका नसली तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान कायद्याने आवश्यक ठरविले आहे, आणि त्या अनुसूचीत मराठी आहेच.

पुन्हा अमेरिकेकडे येतो. मुलाखतीत उत्तीर्ण झाल्याने कोणी नागरिक होत नाही. नागरिकत्व मिळते ते शपथविधीच्या क्षणी. त्या शपथेत पूर्वीच्या देशावरील निष्ठेचा त्याग असतो, आणि कायद्याने आवश्यक झाल्यास त्या देशासाठी शस्त्र धारण करण्याचे वचनही असते. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या तालुक्यात माळकरी माणसाला हे वाक्य बोचल्याशिवाय राहणार नाही. ज्यांची धर्मश्रद्धा शस्त्र धरण्याच्या खरोखर आड येते त्यांना तो भाग वगळून शपथ घेण्याची सोय कायद्यात आहे; तसे अर्जातच नमूद करावे आणि विचारल्यास शांतपणे कारण सांगावे. मात्र, शब्द केवळ ओठांनी उच्चारावयाचे आणि मनात काही निराळे ठेवावयाचे, हे मला स्वतःला मान्य नाही. ज्याला तो त्याग जड वाटतो त्याने ग्रीन कार्डावर समाधान मानून भारतीय नागरिक राहण्यात कोणताही कमीपणा नाही, आणि मुलांनीही त्यासाठी आईवडिलांना आग्रह करू नये.

कारण शपथ घेताच १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्टावर प्रवास करणे हा गुन्हा आहे. तो वकिलातीच्या व्यवस्थेमार्फत जमा करून त्यागपत्राचा दाखला घ्यावा आणि मग ओसीआय कार्डासाठी अर्ज करावा. त्या कार्डावर आयुष्यभर येता-जाता येते, परंतु मतदान करता येत नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोठेच नाही. मतदारयादीतील नाव आपणहून कमी करून घ्यावे.

जमिनीविषयी गावात जी भीती आहे ती अनाठायी आहे. नागरिकत्व गेले म्हणून सात-बाऱ्यावरील नाव जात नाही. भारतात राहत असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली शेतजमीन बाळगता येते, आणि पुढेही वारशाने मिळू शकते. नवीन शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. पण ती मनाई परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकालाही आहेच. विकावयाची झाल्यास ती येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि आपल्या राज्याच्या कायद्यामुळे सामान्यतः शेतकऱ्यालाच, विकावी लागते. म्हणून वाटणी, वारसनोंद, फेरफार यांतील जे काही खोळंबलेले असेल ते शपथेपूर्वीच्या एखाद्या फेरीत तहसिलीत स्वतः हजर राहून पुरे करावे, आणि मागे राहणाऱ्या विश्वासू नातलगाच्या नावे रीतसर मुखत्यारपत्र करून ठेवावे.

बहिणीचा भारतीय पासपोर्ट रद्दबातलचा शिक्का बसून तिच्याकडे परत आला, तसा तो सर्वांनाच परत मिळतो. त्यावरील जुने व्हिसा आणि तारखा पुढेही कामास येतात, तेव्हा तो टाकून देऊ नये. तिने तो पुढच्या फेरीत सोनईस आणला आणि आईच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत, एक जून ही जन्मतारीख असलेल्या आपल्या शाळेच्या दाखल्याखाली ठेवला आहे.